घोडनदीचा बांध आणि भीमेचा पूर

शिरूर तालुक्यात रांजणगाव नावाची गावे दोन आहेत. एक महागणपतीचे, पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. यात्रेकरूंना ते अष्टविनायकामुळे ठाऊक आणि आम्हां कामगारांना औद्योगिक वसाहतीमुळे. दुसरे रांजणगाव सांडस. ते भीमेच्या काठी आहे. पुण्याचे सारे पाणी घेऊन आलेली मुळा-मुठा ह्याच परिसरात भीमेला मिळते, आणि पैलतीरी दौंड तालुका लागतो. पहिले रांजणगाव माळावरचे, पावसाची वाट पाहणारे. दुसरे नदीकाठचे, पाण्याच्या चढउतारावर नजर ठेवणारे. एकाच नावाच्या ह्या दोन गावांत आमच्या विषयाचे दोन्ही पदर आले आहेत: अवर्षण आणि महापूर.

हा विषय विद्वानांचा आहे, आणि आम्ही विद्वान नव्हे. आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. वाचन झाले ते पाळी सुटल्यानंतर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे इतिहासाचे कोणतेही पान उघडले की आम्हांला तीन प्रश्न आधी सुचतात. हे काम कोणाच्या हातांनी झाले? त्याची राखण कोणाकडे होती? आणि ते मोडले तेव्हा भुर्दंड कोणाच्या माथी बसला? शिरूर-दौंडच्या पाण्याचा तीन हजार वर्षांचा इतिहास ह्याच तीन प्रश्नांनी चाळून पाहावा, एवढाच ह्या निबंधाचा हेतू आहे.

प्रथम भूगोल ध्यानात घेतला पाहिजे. भीमाशंकर, लोणावळे, मुळशी, पानशेत ह्या घाटमाथ्याच्या पट्ट्यात पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस जावे तसा तो झपाट्याने उणावतो, आणि शिरूर-दौंडात पोहोचेपर्यंत जेमतेम पाचशेच्या आसपास राहतो. भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड ह्या साऱ्या नद्या मात्र वरचे पाणी घेऊन भीमेत उतरतात. म्हणून आमच्या भागाची जुनी रीत अशी की शेतावर ऊन पडलेले असते, पेरणी खोळंबलेली असते, आणि नदी मात्र दुथडी वाहत असते. आमचा पूर हा दुसऱ्याच्या पावसाचा पूर असे. तहान आणि पूर एकाच आठवड्यात भोगणारे प्रदेश फार नसतील. हा त्यांतला एक.

इनामगावचा पाट

शिरूर तालुक्यातच, घोडनदीच्या काठी, इनामगाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 पासून 1983 पर्यंत उत्खनने केली. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी ही त्या कामातली प्रमुख नावे. मातीखालून निघाली ती ताम्रपाषाणयुगातली एक शेतकरी वस्ती. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 पासून 700 पर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षे नांदलेली. राजेरजवाड्यांचा मागमूस नाही, शिलालेख नाही, नाणे नाही. चुली आहेत, धान्याच्या कणग्यांचे ओटे आहेत, पेवे आहेत, रांजण आहेत, जळून कोळसा झालेले जवाचे दाणे आहेत. महाराष्ट्राच्या साध्या माणसाचा एवढा जुना आणि एवढा तपशीलवार संसार दुसरीकडे क्वचितच उजेडात आला असेल.

आमच्या विषयाला महत्त्वाची वस्तू म्हणजे ह्या वस्तीच्या कडेला सापडलेला बांध आणि पाट. बांध दगडगोट्यांचा, मातीच्या गाऱ्यात रचलेला. पाट सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. इसवी सनापूर्वी 1400 ते 1000 ह्या काळातले हे काम आहे. नदीला पूर आला की चढलेले पाणी वस्तीत न शिरता ह्या पाटाने बाजूला वळावे आणि तेच पाणी पुढे रब्बीच्या जव-गव्हाला लाभावे, असा त्याचा उपयोग उत्खनन करणाऱ्यांनी लावला. पुराची भीती आणि पाण्याची गरज ह्यांना वेगळाली खाती नेमण्याची बुद्धी त्या लोकांना झालेली नव्हती. एकाच खोदकामात त्यांनी दोन्ही प्रश्न गाठले.

साडेतीन मीटर खोल चर लोखंडाच्या पहारीवाचून खोदायचा म्हणजे काय, हे ज्याने एकदा कुदळ धरली त्याला सांगावे लागत नाही. लोखंड आमच्या भागात यायचे होते. तांबे होते, पण थोडके. हे एका घराचे काम नव्हे. शिवाय असा पाट एकदा खोदून भागत नाही. दर पावसाळ्यात तो गाळाने भरतो, बांधाची माती खचते, दगड निसटतात. दरसाल कोणीतरी माणसे गोळा केली असली पाहिजेत, आणि त्या दिवसांत त्यांच्या पोटाची सोयही लावली असली पाहिजे. वस्तीत पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार सापडले. हे गावप्रमुखाचे घर असावे, सारा म्हणून धान्य तेथे जमत असावे आणि गरजेला वाटले जात असावे, असे ढवळीकरांनी अनुमान केले. अनुमानच ते, परंतु पाट आणि कोठार ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे असावीत, हे कामगार चळवळीतल्या माणसाला पटायला जड जात नाही. कुंभार, सोनार, हस्तिदंताचे काम करणारे अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती आणि सधन शेतकऱ्यांची मध्यभागी, हेही येथे नमूद केले पाहिजे. कष्टकऱ्याने कडेला राहण्याची चाल बरीच जुनी आहे.

इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास चित्र पालटते. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. मातीची भांडी ओबडधोबड होतात. शेतीचा भार कमी होऊन शेरडेमेंढरे आणि शिकार ह्यांवरचा भार वाढतो. अखेरीस वस्ती उठते. ढवळीकरांनी ह्याचे कारण हवामानात शोधले: पाऊस उणावला, शेती कोलमडली, माणसे भटकी झाली. पुढे अमेरिकन संशोधक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या लहान मुलांच्या हाडांचा बारकाईने अभ्यास केला आणि 2011 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. शेवटच्या काळातल्या तान्ह्या मुलांच्या हाडांवर खुंटलेल्या वाढीच्या खुणा त्यांना दिसल्या. मात्र ह्या ऱ्हासाचे सारे खापर एकट्या पावसावर फोडण्यास त्या तयार नाहीत. हा मुलूख मुळातच कमी पावसाचा. माणसांनी जमीन कशी वापरली आणि अन्नाची तजवीज कशी केली, ह्याचाही हिशोब मांडला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

ह्या वादाचा निकाल देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु दोन्ही पक्षांना मान्य असलेली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. हवामान बदलले असो वा व्यवस्था मोडली असो, त्याची नोंद उरली ती लेकरांच्या हाडांत. आमच्या तिसऱ्या प्रश्नाचे हे सर्वांत जुने उत्तर.

एक रत्तल धान्य

आता आपण एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ, कारण मोठ्या पाणीकामांची आणि त्यांवरच्या मजुरांची लेखी नोंद त्या शतकात भरपूर सापडते. पुण्यावरचे खडकवासल्याचे दगडी धरण फाइफ नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या योजनेतून उभे राहिले आणि 1879 साली पुरे झाले. त्याचा उजवा कालवा हवेली-दौंडच्या अंगाने पूर्वेस गेला. हे काम चालू असतानाच 1876-77 चा भयंकर दुष्काळ पडला. दौंड तालुक्यातला माटोबा तलाव हा त्या दुष्काळी कामांतला.

आज त्या तलावाच्या भरावावर उभे राहिले म्हणजे पाणी दिसते. मजुरी दिसत नाही. दुष्काळी कामांवरचा खर्च आवरण्यासाठी हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेम्पल यांना पाठवले, आणि 1877 च्या आरंभी मजुराचा रोजचा शिधा एक रत्तल धान्यावर आणण्यात आला. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला एक रत्तल! मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामे सोडली. त्यांना कोणी संप शिकवला नव्हता. त्यांची संघटना नव्हती, वर्गणी नव्हती, झेंडा नव्हता. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या त्या सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. गिरण्यांतल्या संपांचा इतिहास आम्ही कामगारांना नेहमी सांगतो. मातीकामावरच्या ह्या संपाचाही सांगितला पाहिजे, कारण पाणी अडवणारा माणूसच उपाशी असेल तर त्या बांधाला दुष्काळनिवारण म्हणणे ही थट्टा होय.

ह्या संपाचा धडा शंभर वर्षांनी काही अंशी फळाला आला. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसे पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडण्याच्या कामांवर गेली; मे 1973 मध्ये त्यांची संख्या राज्यभर 50 लाखांच्या आसपास होती. शिरूर-दौंडच्या घरोघरी आजही सुकडीची आणि खडीच्या ढिगांची गोष्ट निघते. त्यातूनच वि. स. पागे यांनी पुरस्कारलेली रोजगार हमी 1977 साली कायद्यात आली. इनामगावच्या कोठारात जे असावे असे अनुमान आहे, ते येथे कायद्याच्या कलमात आले: संकटकाळी काम मागणाऱ्याला काम आणि त्याचा दाम.

पानशेत

12 जुलै 1961 ची गोष्ट पुण्यात कोणाला सांगावी लागत नाही. परंतु ती बहुधा पुण्याच्या पुलांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. आम्ही ती दोन्ही टोकांना थोडी लांबवू इच्छितो.

वरचे टोक धरणाच्या पोटात आहे. पानशेतचे मातीचे धरण 1962 मध्ये पुरे व्हायचे होते. ते वर्षभर आधीच पाणी धरू लागले. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याचा जो मार्ग असतो, तो सळईच्या काँक्रीटचा करण्याऐवजी पोलादाच्या टंचाईमुळे बिनसळईच्या ठोकळ्यांचा केला गेला. त्याच्या दरवाजांची कामे अपुरी होती. त्या साली पाऊस लवकर आणि जोराचा झाला. अर्धवट दरवाजांतून सुटणाऱ्या पाण्याने मार्गाला हादरे बसू लागले, त्यावरची माती खचू लागली, आणि धरणाचा माथा खाली बसू लागला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो धरून ठेवण्याची शिकस्त केली. सकाळी धरण फुटले. काही तासांनी खालचे खडकवासलेही गेले. त्या रात्री जवानांनी जे तास मिळवून दिले, त्यांमुळे निदान उजाडल्यावर पाणी आले. परंतु त्या तासांत शहराला जो स्पष्ट इशारा मिळायला हवा होता, तो मिळाला नाही.

खालचे टोक आमच्या संगमाकडे आहे. मुठेचे पाणी पुण्यात थांबत नाही. ते मुळा-मुठेतून ह्याच रांजणगावाच्या बाजूने भीमेत उतरते. पुण्याच्या पुराची छायाचित्रे निघाली, चौकशीचे आयोग बसले, पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. ते योग्यच झाले. पण नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्याचे नाव यादीत शेवटी येते, ही जुनी खोड त्यावेळीही दिसली आणि अजून गेलेली नाही.

पानशेतपासून आम्ही एक गोष्ट शिकतो. सळई वाचवली, वर्ष वाचवले, आणि त्या बचतीची किंमत ज्यांनी भरली त्यांना कोणी विचारले नव्हते. कारखान्यातला अपघात आणि धरणाचा अपघात ह्यांची जात एकच. दोन्ही ठिकाणी घाई वरून येते आणि माणूस खालचा जातो.

बदललेले पंचांग

आज पावसाची चाल बदलते आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवले की 1950 ते 2015 ह्या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्रावरून बाष्पाचे लोट अधिक येतात, हे त्यातले एक प्रमुख कारण. एकूण पाऊस तेवढाच राहून तो थोड्या दिवसांत कोसळू लागला, तर अवर्षण आणि पूर दोन्ही वाढतात. आमच्या भागाला ह्याची प्रचीती आली आहे. ऑक्टोबर 2020 च्या मध्यास परतीच्या वेळी दौंड-इंदापूरपासून पंढरपूरपर्यंत पावसाने हाहाकार केला. मे 2025 च्या अखेरच्या आठवड्यात, रोहिणी नक्षत्र नुकते लागत असताना, दौंड, बारामती, इंदापूर पाण्याखाली गेले आणि नीरेचा डावा कालवा फुटला. दुसऱ्याच्या पावसाचा पूर आम्हांला ठाऊक होता. आता आमच्याच डोक्यावरच्या पावसाचाही ओळखीचा होऊ लागला आहे.

ह्याचा अर्थ एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांच्या गाळ्यांत ढापे बसवतात आणि पाणी अडवतात. पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून घेतात. ढापे वेळेवर निघाले नाहीत तर पुराचे पाणी बंधाऱ्याला वळसा घालते आणि काठची जमीन कापून नेते. ढापे काढण्याचे दिवस जुन्या पावसाच्या हिशोबाने ठरलेले आहेत. पाऊस मे महिन्यातच आला तर बंधारा तोच, नदी तीच, पण माणूस हजर नसतो. काँक्रीट शाबूत असून राखण चुकते. इनामगावच्या पाटाला दरसाल जो गाळ काढणारा लागत असे, तोच हा माणूस. त्याला आपण कंत्राटी केले आहे, हंगामी केले आहे, आणि पुष्कळ ठिकाणी नाहीसा केला आहे.

दुसरे उदाहरण अंकगणिताचे. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून सेकंदाला सुमारे 35,000 घनफूट पाणी सोडले गेले आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली. त्या वेगाने पाणी दिवसभर वाहिले तर ते सुमारे 3 अब्ज घनफूट होते. आणि खडकवासल्याचा उपयुक्त साठा 2 अब्ज घनफुटांच्याही आत आहे. म्हणजे वरून लोंढा आला की हे धरण तो पोटात ठेवू शकत नाही. सोडण्यावाचून गत्यंतर नसते. मग प्रश्न उरतो तो इशाऱ्याचा. भीमाकाठच्या शेतकऱ्याला नदीतली मोटार वर काढायला, गोठ्यातले जनावर सोडायला दोन तास आधी निरोप मिळाला, तर त्याचे वर्ष वाचते.

तिसरा हिशोब पूररेषेचा. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल रेषा, असे नकाशावर आखतात. त्यावरून लोक समजतात की एकदा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे निश्चिंती. तसे नाही. दर वर्षी शंभरांत एक अशी ती शक्यता असते, आणि ती दर वर्षी नव्याने असते. तीस वर्षांचे कर्ज काढून लाल रेषेवर घर घेतले, तर कर्ज फिटण्याआधी पूर येण्याची शक्यता शंभरांत सव्वीस. निळ्या रेषेवर तीच शंभरांत सत्तर. आणि हा हिशोबही जुन्या पावसाचा आहे.

ओढ्यांची गोष्ट याहून वाईट. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने आणि आसपासच्या नाल्यांनी वीसहून अधिक बळी घेतले. औद्योगिक वसाहतींभोवती तेच पुन्हा घडण्याची तयारी चालू आहे. ओढ्याच्या पात्रात भराव पडतो, मोरीची नळी अरुंद ठेवली जाते, आणि त्या भरावावर पत्र्याच्या खोल्या उठतात. भाडे कमी, म्हणून तेथे राहतो कोण? मराठवाड्यातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला कंत्राटी कामगार. एका पावसाळी रात्री अशाच खोल्यांत कमरेएवढे पाणी शिरले. माणसांनी रात्र उभ्याने काढली, आणि सकाळच्या पाळीला न पोहोचलेल्यांचा एका कारखान्याने दिवसाचा पगार कापला. आम्ही त्याबद्दल भांडलो. चार दिवसांनी पगार मिळाला. परंतु पुराच्या दिवसाची मजुरी हा भांडून मिळवण्याचा विषय असावा काय?

मागणी

ह्या साऱ्यावरून आम्ही काय मागतो, ते थोडक्यात सांगतो. धरणातून पाणी सोडण्याआधीचा इशारा पुण्याच्या पुलांपुरता न राहता संगमाखालच्या शेवटच्या वाडीपर्यंत, माणसाच्या तोंडून, रात्रीही पोहोचला पाहिजे. बंधाऱ्याचे ढापे, कालव्याचे भराव, मोऱ्यांचा गाळ ह्यांवर कायम माणसे नेमली पाहिजेत, आणि त्यांचे वेळापत्रक जुन्या नक्षत्रांवर न ठेवता हवामान खात्याच्या अंदाजाला बांधले पाहिजे. औद्योगिक वसाहतीत कामगारांची घरे कोठे आहेत, हे पूररेषेच्या नकाशावर मांडून तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला पाहिजे. पुरामुळे बुडालेल्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये. ह्यांत एकही मागणी अशी नाही की जिला नवे धरण बांधावे लागेल.

संशोधनाचा उपयोग येथेच आहे. मुळा-मुठेच्या काठी डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू ठेवलेल्या आहेत. रसिकांनी त्या अवश्य पाहाव्यात. मात्र ते रांजण पाहताना तो पाट कोण साफ करीत असेल, हेही मनात आणावे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या शेतकऱ्यांनी पुराला वळण दिले, कारण दर वर्षी कोणीतरी कुदळ घेऊन उतरत होते आणि गावाच्या कोठारातून त्याला भाकरी मिळत असावी. आमच्याजवळ उपग्रह आहेत, संगणक आहेत, काँक्रीट आहे. येत्या मृगाच्या आधी ढापे काढायला कोण उतरणार आणि त्याला रोज किती पडणार, एवढे आपापल्या ग्रामसभेत आणि नगरपालिकेत विचारा. उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारा.